नवी चेन चढावर सटकते

प्रश्न : माझ्या माउंटन बाइकला पुढे 3 आणि मागे 7 गिअर आहेत. फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा असं रोजचं चालवणं आहे. दोन वर्षांनी नवी चेन टाकली, तर चढावर जोर दिला की ती कडकन सटकते. जुनी सटकत नव्हती. दुकानदार म्हणतात, 11 स्पीडची घ्या, महाग आहे पण टिकेल. घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : 11 स्पीडची घेऊ नका. इथे 'स्पीड' म्हणजे मागच्या गिअरांची संख्या; तुमची 7. तुमच्या गिअरला पाकिटावर '6/7/8 स्पीड' लिहिलेलीच चेन लागते. तिची बाहेरची रुंदी साधारण 7.1 मिमी असते, 11 स्पीडची साडेपाचच्या आसपास. 11 स्पीडची चेन महाग असते ती अरुंद जागेत बसवण्यासाठी. तुमच्या सायकलवर ती जास्त टिकणार नाही, गिअरही नीट पडणार नाहीत. शिमानो एचजी71 किंवा केएमसी एक्स8 यांपैकी कुठलीही चालेल. पावसाळ्यातही सायकल काढत असाल तर गंजरोधक लेपाची घ्या.

सटकण्याचं कारण मात्र चेनमध्ये नाही, मागच्या दात्यांत आहे. चेन 'ताणली' म्हणतात तेव्हा पट्ट्या लांबलेल्या नसतात. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची आतल्या पट्टीची कड केसभर झिजलेली असते. शंभरावर कड्यांची ही झीज मिळून चेन लांब होते, दात्यांवर वर सरकून बसते आणि त्यांनाही आपल्या मापाचं करून घेते. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांना जुळलेले होते, म्हणून निभलं. आता तुम्ही जास्त वापरता तेच गिअर सटकत असतील. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेचक्रांचा संच, बदला. पुढचे दाते पाहून घ्या; माशाच्या परासारखे एका बाजूला झुकलेले नसतील तर राहू द्या.

पुढे हा खर्च टाळायचा तर दर महिन्याला स्टीलची फूटपट्टी लावा. चेन ताठ ठेवून शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये 12 इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो 1/16 इंच पुढे गेला की चेन बदला, फ्रीव्हील वाचतं. 1/8 इंच गेला तर दोन्ही गेले समजा.

लांबी कड्या मोजूनच ठरवा. जुनी शेजारी ठेवून तिच्या मापाने नवी कापली तर फसाल, कारण 1 टक्का झिजलेली चेन 110 कड्यांत एका कडीहून जास्त लांब झालेली असते. शिमानोची चेन जोडताना काढलेली पिन परत ठोकू नका, तिथेच ती तुटते. नवी जोडपिन किंवा क्विक लिंक (पिन न ठोकता जोडता येणारी कडी) वापरा.

प्रश्न : नवी चेन रॉकेलमध्ये धुऊन मग तेल द्यावं का?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : नको. कारखान्यातलं ग्रीस पिनांच्या आत भरलेलं असतं, ते सगळं निघून जाईल. बाहेरचा चिकटपणा फक्त कोरड्या फडक्याने पुसा. पुढे प्रत्येक रोलरवर (पिनेभोवती फिरणाऱ्या नळीवर) तेलाचा एकच थेंब, रात्रभर मुरू द्या, सकाळी बाहेरून पूर्ण पुसा. उन्हाळ्यातल्या धुळीत जाड तेल किंवा ग्रीस लावलं की त्याचा पॉलिश पेपरसारखा काळा लगदा होतो. काळ्या मातीच्या चिखलातून आलात तर आधी पाण्याने धुवा, चेन पूर्ण वाळवा आणि मगच तेल द्या.