शिक्का आधी, चित्र नंतर

प्रिय मित्रा,

अमेरिकी युद्धनौकांची कव्हरं, म्हणजे तिकीट आणि टपालाचा शिक्का असलेले लिफाफे, जमवायला घेतलीस की नजर आधी डावीकडच्या कॅशेवर, म्हणजे छापील चित्रावर जाईल. पण चित्र कुणीही, कधीही छापू शकतं. त्या तारखेला त्या जहाजावरून टपाल गेलं याचा पुरावा उजवीकडच्या शिक्क्यात असतो. तेव्हा खरेदी करतानाही आधी शिक्का वाच.

अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर टपाल कार्यालयं १९०८च्या कायद्यानंतर सुरू झाली. गोलात जहाजाचं नाव आणि तारीख असते, बाजूला तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या. १९३०च्या दशकात या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बंदराचं किंवा प्रसंगाचं नाव घालत. ते अस्पष्ट असेल तर कव्हराची निम्मी गोडी जाते. शिक्क्यांच्या आकारांना क्रमांक आणि उपप्रकारांना अक्षरं देणारी लोसी पद्धत शिकून घे. १९३२ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटीचा कॅटलॉग तीच वापरतो.

जलावतरणाच्या दिवशी जहाजावर टपाल कार्यालय नसतं, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवसाच्या कव्हरावर गोदीजवळच्या गावाचा शिक्का हवा. विमानवाहू ‘एंटरप्राइझ’ (सीव्ही-६) ३ ऑक्टोबर १९३६ला पाण्यात उतरली, पण नौदलात दाखल झाली १२ मे १९३८ला. मधल्या तारखेचा तिचा जहाजी शिक्का दिसला तर सावध हो. हल क्रमांक, म्हणजे जहाजाचा प्रकार सांगणारी अक्षरं आणि आकडा, तोही पाहा, कारण त्याच नावाची अणुशक्तीवरची नौका (सीव्हीएन-६५) १९६१ची आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या कव्हरांवर गुप्ततेसाठी जहाजाचं नाव काढलेलं, नुसतं ‘यू. एस. नेव्ही’ असा शिक्का आढळतो. १ एप्रिल १९४२पासून सैनिकांची पत्रं विनातिकीट जात, म्हणून तिकिटाच्या जागी हाताने ‘फ्री’ लिहिलेलं असतं. तिथे जहाज ओळखायचं ते वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या प्रेषकाच्या पत्त्यावरून. सेन्सॉरच्या शिक्क्यातली अधिकाऱ्याची आद्याक्षरं कधीही खोडू नकोस. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेच्या ७ डिसेंबर १९४१च्या शिक्क्यांची बनावट झालेली आहे. हल्ला सकाळी आठच्या सुमाराचा, त्यामुळे त्या तारखेला दुपारनंतरची वेळ दाखवणारा शिक्का खरा असूच शकत नाही.

आता शिक्का मागवण्याविषयी, म्हणजे आपला लिफाफा जहाजावर पाठवून शिक्का मारून परत मागवण्याविषयी. साधारण १६५ × ९२ मिलिमीटरचा साधा पांढरा लिफाफा घे. आत पातळ, ताठ कार्ड घाल. त्याने शिक्का सपाट उमटतो आणि कोपरे मोडत नाहीत. झाकण चिकटवू नकोस, आत दुमड. परतीच्या कव्हरावर अमेरिकी तिकीटच लागतं. दुसऱ्या देशात परत यायचं असेल तर २८ ग्रॅमपर्यंतच्या पत्राला ‘ग्लोबल फॉरएव्हर’ हे परदेशी टपालाचं अमेरिकी तिकीट पुरतं. तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात लाव आणि शिक्क्याला डावीकडे भरपूर जागा सोड.

जहाजाच्या टपाल अधिकाऱ्याला छोटं, नम्र पत्र लिही: शिक्का हाताने, स्पष्ट, गोल पूर्ण उमटेल असा मारावा. एका वेळी दोनच कव्हरं पाठव. कामात बुडालेल्या माणसावर गठ्ठा लादणं बरं नाही. पत्त्यात जहाजाचं नाव, हल क्रमांक आणि चालू एफपीओ (फ्लीट पोस्ट ऑफिस, म्हणजे नौदलाच्या टपालाचा) कोड हवा. तळ बदलला की कोडही बदलू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी तपास. उत्तराला महिने लागू शकतात. लगेच स्मरणपत्र धाडू नकोस. लहान जहाजांवर बहुधा स्वतःचं टपाल कार्यालय नसतं, तिथून नुसता रबरी शिक्क्याने उमटवलेला कॅशे आला तरी नाराज होऊ नकोस.

सगळ्यात मोठं नुकसान परतीच्या वाटेवर होतं. वर्गीकरण यंत्र कव्हराच्या तळाशी बारकोड फवारतं, कधी तिकिटावर दुसरा शिक्काही बसतो. हे टाळायचं तर तिकीट लावलेला, स्वतःचा पत्ता घातलेला मोठा लिफाफा सोबत दे आणि कव्हर त्यात घालून पाठवायची विनंती कर. कव्हरावरच्या तिकिटाला तरीही सुट्टी नाही, शिक्का त्याच्यावरच उमटायचा असतो.

कव्हर हाती आलं की तिकीट सोडवू नकोस, शिक्का कापून घेऊ नकोस. पीव्हीसीच्या पाकिटातला प्लास्टिसायझर कागद खराब करतो. पॉलिएस्टरची पाकिटं वापर. पिन, क्लिप लावू नकोस, गंजाचा डाग राहतो. कव्हर कुठून आलं, शिक्क्याचा लोसी प्रकार कोणता, या नोंदी वेगळ्या आम्लमुक्त कार्डावर कर आणि ते कार्ड त्याच पाकिटात कव्हराच्या मागे ठेव.

तुझा शुभचिंतक