कर्नाटक पोलीस कॉन्स्टेबल: १६०० मीटरला ७ मिनिटं २० सेकंद लागतात, दोन महिन्यांत चाचणी निघेल का?

प्रश्न विचारणारा खानापूर तालुक्यातला आहे. सिव्हिल कॉन्स्टेबलची लेखी झालीय, मैदानी चाचणीला साधारण दोन महिने आहेत, सोळाशे मीटरला सात वीस लागतात. अकादमी लावू का, त्याच तयारीवर महाराष्ट्राच्या भरतीला उतरता येईल का, आणि बहिणीनंही फॉर्म भरलाय, तिनं काय करावं, असं त्यानं विचारलंय. मी बेळगावजवळच्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो आणि सकाळी गावातली पोरं पळवतो, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

निघेल. पण आधी हे डोक्यात पक्कं कर की कर्नाटकात ही चाचणी पास-नापासाची आहे. १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, लांब उडी ३.८० मीटर किंवा उंच उडी १.२० मीटर, आणि ७.२६ किलोचा गोळा ५.६० मीटर. सहा एकोणतीसला आलास काय आणि पाच वीसला आलास काय, यादी लागते ती लेखीच्या मार्कांवर. मात्र तिन्हींतलं एक जरी हुकलं तर लेखीत कितीही पडलेले असोत, घरी. म्हणजे तुला शर्यत मारायची नाहीये. तिन्ही गोष्टी कुठल्याही दिवशी, अनोळखी मैदानावर, अंग जरा मोडून आलं असलं तरी निघाल्या पाहिजेत, एवढंच.

महाराष्ट्रात उलटं आहे. तिथं मैदानालाच ५० मार्क: सोळाशेला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. सोळाशे पाच दहाच्या आत आलं तर पूर्ण वीस, पुढं वेळ वाढेल तसे मार्क गळत जातात. त्यातून वर आलेल्यांनाच, एका जागेला दहा या हिशेबानं, लेखीला बोलावतात. सहा दहाला येणारा पोरगा इकडं आरामात पास, तिकडं रांगेत मागं. शिवाय शंभर मीटरचा सराव इकडच्यासाठी लागतच नाही. तेव्हा ही चाचणी होईपर्यंत तिकडचं डोक्यातून काढून टाक. कागद तेवढे आत्तापासून बघून ठेव. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्रानं दावा केलाय, तिथल्या मराठी मुलांना तिकडं अर्ज करता येतो, पण त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. त्या दाखल्यासाठी जी पळापळ होते ती सोळाशेपेक्षा जास्त असते.

आता सोळाशे. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेसहा मिनिटं म्हणजे ३९० सेकंद, फेरीला साडेसत्त्याण्णव. तुझी सरासरी पडते ११०. पण चारही फेऱ्या तू ११० नं पळत नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. आमच्याकडं नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक पोरगा पहिली फेरी ८५ नं काढतो, कारण शेजारचा पुढं गेलेला बघवत नाही. दुसरी १००. तिसरीत खांदे कानाला लागतात, मुठी आवळल्या जातात, मान मागं जाते, आणि ती होते १२० ची. चौथी १३५. कर बेरीज: ४४० सेकंद, म्हणजे बरोबर तुझी सात वीस. दम कमी नाही तुझा, वाटणी चुकलीय. उद्या सकाळी एवढंच करून बघ: पहिली फेरी १०५ च्या आत संपवायची नाही. कुणाला तरी घड्याळ घेऊन उभं कर आणि दर फेरीला आकडा मोठ्यानं सांगायला लाव. नुसत्या तेवढ्यानं काही सेकंद सुटतील.

त्याआधी मैदान टेपनं मोजून घे. दोनशेचं म्हणून सांगतात आणि टेप लावला की एकशे ऐंशीचं निघतं, मग तुझी सात वीससुद्धा खरी नाही. मोबाईलच्या ॲपवर विसंबू नको, छोट्या गोल फेऱ्यांत जीपीएस गंडतं.

आठवड्यात चार दिवस पळ, सात नको. एक दिवस चारशेच्या सहा फेऱ्या, प्रत्येक ९५ ते ९७ सेकंदांत, मध्ये दोनशे मीटर चालत. पहिल्या आठवड्यात चारच जमतील, चालतंय. एक दिवस पाच-सहा किलोमीटर निवांत, बरोबरच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. पोरं बिघडवतात ती हाच दिवस, कारण सावकाश पळणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मग एक दिवस आठशेचे तीन, प्रत्येक सव्वातीन मिनिटांच्या जरा आत, मध्ये चार मिनिटं विश्रांती. रविवारी सात-आठ किलोमीटर किंवा चढ. आमची पोरं राजहंसगडाचा रस्ता चढतात. तुमच्या खानापूरकडं चढांना काय तोटा! दर दोन आठवड्यांनी एकदा पुरतं सोळाशे घड्याळावर. शेवटच्या आठवड्यात पळणं निम्म्यावर आण. त्या आठवड्यात केलेली मेहनत पायात साठते, कामाला येत नाही.

सरावात सहा पंधराच्या आत आलं पाहिजे. चाचणीला घोळक्यात पळायचं असतं. आतल्या रेषेपासून मीटरभर बाहेरून पळालास तर फेरीला सहा मीटर जास्त पडतात, चार फेऱ्यांत पंचवीस मीटर, म्हणजे सहा सेकंद तिथंच गेले. वर रात्रीची झोप झालेली नसते, ते वेगळंच.

नडगी दुखायला लागली तर दोन-तीन दिवस थांब आणि डांबरी रस्ता सोडून मातीवर पळ. बोट ठेवून दाबल्यावर हाडाच्या एकाच जागी कळ येत असेल तर मात्र डॉक्टरला दाखव, पट्टी बांधून पळू नको. आणि चाचणीच्या सकाळी दुखणं मारणारं इंजेक्शन घेऊन उतरणारी पोरं असतात, त्यांच्या नादाला लागू नको.

गोळा. पोरं पळण्याच्या धास्तीत असतात आणि अडकतात इथं, कारण आधी कुणी हातच लावलेला नसतो. गोळा तळहातावर घ्यायचा नाही, बोटांच्या बुडाशी ठेवायचा, जबड्याखाली मानेला टेकवायचा, कोपर वर. क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकायला गेलास तर खांदा धरेल आणि गोळा चार मीटरवर पडेल. तो ढकलायचा असतो. उजव्या हाताचा असशील तर उजवा गुडघा वाकवून वजन त्या पायावर घे, पाठ जवळजवळ फेकण्याच्या दिशेला कर, मग पाय रेट, कंबर फिरव, छाती पुढं येऊ दे आणि हात सगळ्यात शेवटी सोड. नजर समोर वर, जमिनीकडं नको. गोळा पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर ये, पुढं पाय पडला की फाउल. आठवड्यात तीन दिवस, दिवसाला पंधरा-वीस फेकी पुरेत. जोडीला जोर आणि बैठका काढ, जिम लावायची गरज नाही.

उडीत लांब उडीच घे. ३.८० मीटर फार नाही, पण फळीवर नेमका पाय पडावा म्हणून पोरं शेवटची पावलं आखूड करतात आणि सगळा वेग मारून टाकतात. तू फळीच्या वीतभर मागून उडालास तरी बिघडत नाही. माप मात्र फळीपासून वाळूतल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत धरतात. पडल्यावर मागं हात टेकलास तर तेवढी उडी गेली, म्हणून अंग पुढं झोकायचं. उडी आणि गोळ्याला तीन-तीन संधी असतात, पळण्याला एकच. दहा दिवसांतून एकदा सोळाशे पळून, पाय थरथरत असतानाच उडी आणि गोळा करून बघ. ताज्या पायांची उडी आणि ती उडी यांत फरक पडतो.

उंची लागते १६८ सेंटिमीटर, अनवाणी. छातीचं ८६ हे माप फुगवल्यावरचं आहे आणि फुगवण्यातला फरक किमान ५ सेंटिमीटर हवा. न फुगवता ८६ लागते असं समजून उगाच घाबरलेली पोरं मी बघितलीत. उलट छाती दांडगी असून फरक तीनच भरणारेही आहेत. पूर्ण श्वास सोडून, पूर्ण भरून, चार-पाच सेकंद रोखायचा सराव रोज कर.

अकादमी दोन महिन्यांसाठी नको. तिचा खरा फायदा म्हणजे बरोबर पळणारी चार पोरं. ती गावात मिळत असतील तर तोच पैसा बुटांवर आणि अंड्यांवर घाल. भाकरी, कडधान्यं, शेंगदाणे, नाचणीची आंबील एवढ्यावर सोळाशे निघतं, पावडरीचा डबा लागत नाही. चाचणीआधी दोन तास केळी नाहीतर चहा-बिस्किट, पोट भरून नको, आणि नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नको. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटला तर पाणीसुद्धा विचारू नको. कर्नाटकातली २०२१ ची ५४५ पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) जागांची परीक्षा घोटाळ्यात रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्यात प्रामाणिकपणे पास झालेल्यांचीही वर्षं गेली.

बहिणीचं. मुलींना ४०० मीटर दोन मिनिटांत, लांब उडी २.५० किंवा उंच उडी ०.९० मीटर, आणि ४ किलोचा गोळा ३.७५ मीटर. उंची १५७ सेंटिमीटर, वजन किमान ४५ किलो. या वजनाकडं घरात कुणाचंच लक्ष नसतं. ४३-४४ वर असेल तर आजपासून दोन वेळचं जेवण आणि दूध नीट सुरू करू दे, आदल्या दिवशी केळी खाऊन ते भरत नाही. चारशे मीटर महिनाभराच्या सरावात निघतं, पण मुलींना पहाटे अंधारात एकटीला मैदानावर सोडत नाहीत आणि त्या सराव न करताच जातात. तिला तुझ्याबरोबर घेऊन जा. तुझं घड्याळ ती धरेल, तिचं तू. तिच्यासाठी ४ किलोचा गोळा वेगळा घे, बेळगावात खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तुझ्या गोळ्यावर तिला सराव देऊ नको, मनगट धरेल.