पहिलं ब्लड कल्चर घेणाऱ्या पोरीला

घाबरू नकोस गं, हात बसतो. ब्लड कल्चर म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू उगवतात का ते बघायचं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी रक्त घे. खानापूर-निपाणीकडनं येणारा पेशंट बऱ्याचदा गावातच 'सुई' मारून आलेला असतो. नातेवाइकांना नीट विचार, कानडीतनंही, आणि फॉर्मवर लिही.

मोठ्या माणसाचं दोन्ही हातांतनं वेगवेगळं, बाटलीमागे 8 ते 10 मिली. तीन मिलीत जंतू बऱ्याचदा सापडतच नाहीत. सलाईनच्या नळीतनं ओढायचं नाही.

खरी चूक होते कातडीवर. स्पिरिट लावलं की लगेच टोचतात. 30 सेकंद वाळू दे, मग शिरेवर परत बोट ठेवू नकोस. बाटलीचं रबरी बूचही पूस. पहिल्या वर्षी मी हेच चुकवलं: कातडीवरचा स्टॅफिलोकोकस बाटलीत उगवला आणि एका आज्जीला विनाकारण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू झालं. असल्या फुकटच्या डोसांनीच जंतू निर्ढावतात.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस, तशाच लॅबला पाठव.

एमआयसीचे आकडे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं ते, नंतर शिकवते. सध्या रिपोर्टमध्ये 'आर' म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालणार नाही, एवढं ओळख. तेच औषध चालू असेल तर राऊंडची वाट बघू नकोस, डॉक्टरांना लगेच फोन लाव.