नवीन आहेस तर आधी असिस्ट बंद कर भाऊ

बघ भाऊ, कार रेसिंगचा गेम म्हणशील तर ग्राफिक्स भारी म्हणजे गेम रिअल असं नसतं. खरी गंमत टायरमध्ये आहे. असेटो कोर्सा घे, २०१४ चा आहे, इटलीच्या कुनोस कंपनीचा, पण मोंझा-इमोला हे तिथले खरे रेस ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवलेत त्यामुळे स्टिअरिंग व्हील लावलं की रस्त्याचा उंचसखलपणा हातात जाणवतो आणि साध्या लॅपटॉपवर पण चालून जातो.

असिस्ट म्हणजे गेम आपल्याला करतो ती मदत. त्यातलं स्टेबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारं) आणि आयडियल लाइन (कुठून जायचं ते रस्त्यावर दाखवणारी रेघ) दोन्ही बंद कर, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारं) मात्र खऱ्या गाडीत असेल तर राहू दे. आता नीट लक्ष दे, वळणात स्टिअरिंग अचानक हलकं झालं ना तर समज पुढच्या टायरची ग्रिप गेली, तेव्हा सगळे अजून वळवतात आणि गाडी सरळ बाहेर जाते, त्याऐवजी थोडं सैल सोड, ॲक्सिलरेटर कमी कर, वजन पुढे येतं आणि टायर परत पकडतो. ब्रेक पण सरळ रस्त्यावर जोरात, मग वळता वळता हळूहळू सोडायचा. अंगाला धक्का बसत नाही ना इथे, म्हणून हात आणि कान हेच काय ते.

ट्रॅकचं टेंपरेचर बदलून बघ एकदा, मे महिन्यातल्या आपल्या नागपूरच्या वर्धा रोडसारखं तापव, त्याच गाडीचे टायर ओव्हरहीट होऊन घसरायला लागतात. किती बारीक काम केलंय राव!

आणि सुरुवातीलाच फॉर्म्युला कार (एफ-वन सारखी रेसची गाडी) घेऊ नको, कमी पॉवरची साधी गाडी घे. व्हील नसेल तर तोवर कानावर भर दे, ते नंतर घेशील, पैसे आले की सेकंडहँड बघू आपण सीताबर्डीत.