कूपन, मेंबरशिप आणि न घेतलेली पोच

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. धुळ्याच्या प्रदर्शनात तुम्ही लकी ड्रॉचं कूपन भरलं, मग 'जोडीने या, गिफ्ट घेऊन जा' म्हणून फोन, हॉटेलच्या हॉलमध्ये तीन तास डोकं खाऊन ५५ हजारांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात, आणि आता पैसे मागितले की टोलवाटोलवी. वर दिवसभर लोनवाल्यांचे फोन. आमचं जळगावात झालं, डिसेंबर २०२१ मध्ये, ६८ हजारांना. गिफ्टची ट्रॉली बॅग माळ्यावर पडून आहे, चाक पहिल्याच प्रवासात निखळलं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, कंपनीला मेल हे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

मी बुडालो ते कंपनीमुळे कमी आणि एका सरकारी कार्यालयामुळे जास्त. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. अर्ज दिला. टेबलावरचे भाऊ गोड बोलायचे, "फिकर नका करू दादा, फाईल वर जायेल शे." आपल्या अहिराणी बोलीत बोलणारा माणूस, विश्वास बसला. दर दीड-दोन महिन्यांनी चक्कर, दर वेळी चहा, आणि दर वेळी फाईल वरच. शेवटी तोंडी कळलं की हा विषय त्यांच्याकडे येतच नाही! तोवर ग्राहक आयोगात तक्रार करायची, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत उलटून गेलेली. उशीर माफ होतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. माझं कारण म्हणजे त्या चकरा, आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच मी कधी घेतलीच नव्हती. ओळखीच्या माणसाकडे पोच काय मागायची, असं वाटायचं. जिल्हा ग्राहक आयोगाने माझी तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून हेल्पलाइनवर किंवा कुठल्या कार्यालयात तक्रार 'चालू आहे' म्हणून थांबू नका, मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही पारोळ्यात राहता, म्हणजे जळगावच्या जिल्हा आयोगात दाखल करता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं, वकील सक्तीचा नाही. (मी स्वतः वकील नाही, केळीवाला आहे. कागद एकदा जाणकाराला दाखवाच.)

लोनवाल्यांच्या फोनचा मुद्दा तक्रारीत नक्की घाला. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं हीसुद्धा याच कायद्यात, कलम २(४७) मध्ये, अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझं आडनाव महाजन. कूपन भरणाऱ्या पोराने घाईत 'महाले' लिहिलं, आणि पंधरा दिवसांत लोनवाले 'महाले साहेब' म्हणून फोन करायला लागले. नंबर कुठून फुटला ते आपोआप कळलं. तेव्हापासून प्रत्येक कूपनवर मी आडनाव मुद्दाम थोडं वेगळं लिहितो. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्याची वाट बघू नका.

कोणी सांगेल की दिल्लीच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जा. जा की. फसव्या जाहिरातीला ते पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड लावू शकतात, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण त्यांचं काम सगळ्या ग्राहकांच्या वतीने चालतं, आणि दंड तुमच्या खात्यात येत नाही. तुमच्या ५५ हजारांसाठी आयोगच, असं माझं मत. कलेक्टर कचेरीतही देता येते अशी तक्रार, पण शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, समोर सख्खा मामा बसला असला तरी.

पावतीवरची तारीख काय आहे? ती आधी इथे सांगा, बाकीचं नंतर बोलू.