सांदवाडीतली (परसातली) बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं बोअरचं पाणी खारं आहे. भाजीची पानं कडेनं करपतात, वाफ्यावर पांढरा थर येतो. सांदवाडीत काही लावावं की नाही? (एक ताई, दर्यापूर तालुका)

उत्तर : लावाच ताई, फक्त आधी पाण्याचं बघा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यात, भूजलच खारं. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मातीत राहतं. तो पांढरा थर त्याचाच. रोज थोडंथोडं शिंपडल्यानं तो वाढतो. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पण भरपूर पाणी द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरेल. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा उंच करा. कुजलेलं शेणखत सढळ हातानं घाला, वर सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा आणि पानांवर पाणी पडू देऊ नका. पालक आणि बीट खारेपणा बराच सोसतात. आपला पालक बिटाच्याच कुळातला. घेवडा मात्र लावू नका, तो तग धरत नाही.

खरा आधार पावसाच्या पाण्याचा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. २०० चौरस फुटांच्या टिनावर हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर तेरा हजार लिटरच्या आसपास होतं. सगळं साठवणं जमणार नाही, पण पन्हाळ लावून एक टाकी तरी भरा. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या आणि टाकी झाकून ठेवा, नाहीतर मच्छर होतील. हे गोडं पाणी रोपांसाठी राखा, कारण कोवळ्या रोपांना मीठ सगळ्यात जास्त बाधतं. टाकीवरून वाहणारं पाणी वाफ्यात वळवा, साचलेलं मीठ धुऊन जाईल.

प्रश्न : एप्रिलमध्ये सांबार (कोथिंबीर) टाकला. थोडाच उगवला आणि लगेच फुलावर आला. (आर्वी)

उत्तर : सांबार थंडीचा. आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत त्याला दोष देऊन उपयोग नाही. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि हिरव्या जाळीखाली टाका, थोडाफार मिळेल. मी म्हणेन, उन्हाळ्यात चवळई खा आणि सांबार दिवाळीच्या सुमारास टाका.

प्रश्न : मुलगा नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी शेतातली काळी माती पाठवू का? (एक काका, घाटंजी)

उत्तर : पोतंभर पाठवा काका, पण नुसती भरू देऊ नका. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीच्या कडा सोडते. मग पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट असं मिश्रण करायला सांगा. बाल्कनी पश्चिमेची असेल तर मे महिन्यात कुंड्या भिंतीपासून दूर, जाळीखाली हव्यात. दुपारभर तापलेली भिंत रात्रीही झाडाला भाजते.

प्रश्न : वानरं काहीच ठेवत नाहीत.

उत्तर : वेलभाज्या जाळीनं पूर्ण झाकल्याशिवाय गत्यंतर नाही. उघड्यावर हळद, आलं, मिरची लावा. त्यांच्या वाटेला वानरं कमी जातात.

प्रश्न : लिंबाच्या रोपाची कोवळी पानं कुरतडली जातात. पानावर पाखराची शिट दिसते, बाकी काही नाही. (मोर्शी)

उत्तर : ती शिट काडीनं हलवून बघा. हलली तर ती फुलपाखराची अळी. लहानपणी तिचा रंगच तसा असतो, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून शेंदरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-चार झाडांसाठी औषध कशाला? सकाळी हातानं वेचा. फारच झाल्या तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि संध्याकाळी फवारा. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवा.