अरबी अक्षरांची इमारत आणि सोलापूरची मुलगी

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिचं सुलेखन फार सुंदर आहे. दुबईच्या ‘म्युझियम ऑफ द फ्यूचर’चे फोटो पाहिल्यापासून ‘मला अशाच अक्षरांच्या इमारती करायच्यात’ म्हणते. अरबी आमच्या घरात कुणालाच येत नाही. यात करिअर होतं का? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, होतं. पण ते एकट्याचं काम नाही, हे तिला आधी कळू द्या. 2022 मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीवरची अक्षरं मत्तर बिन लाहेज या अमिराती कलाकाराची, वास्तुरचना शॉन किला यांची. 1,024 पॅनेलच्या त्या वक्र कवचात अक्षरं हीच खिडक्या आहेत, दिवसा त्यांतूनच उजेड आत येतो. आतला पोलादी सांगाडा अक्षरांच्या आड येऊ नये, यासाठी इंजिनिअरांनी संगणकावर केलेलं कामही तेवढंच मोठं.

तेव्हा अक्षरं लिहायची की ती पेलणारी भिंत उभी करायची, हे तिने ठरवावं. माझं मत विचाराल तर आर्किटेक्चर. अरबी सुलेखनात प्रत्येक अक्षराचं माप कलमाच्या टोकाने उमटणाऱ्या ठिपक्यात मोजतात. उस्तादासमोर वर्षानुवर्षं बसल्याशिवाय तो हात तयार होत नाही. पण अक्षराची कदर असलेला आर्किटेक्ट त्या सुलेखनकाराला हवाच असतो, आणि तुमच्या मुलीकडे ती नजर आत्ताच आहे.

लिपी मात्र तिने वाचायला शिकावी. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचं रूप बदलतं. ती न पेलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की अक्षरं सुटी आणि उलटी येतात. वाचता न येणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, आणि तसंच धातूत कापलं जातं.

एक गोष्ट घरीच करायला सांगा. पुठ्ठ्यात ‘व’ कापून काढायचा. त्याचं पोट, म्हणजे गोलाच्या आतला तुकडा, धरून ठेवायला काही नसल्याने गळून पडेल. मग तिला विजापूरला न्या, तुमच्यापासून शंभरेक किलोमीटर तर आहे. तिथल्या इब्राहिम रोजा या सतराव्या शतकातल्या मकबऱ्याच्या खिडक्यांना अरबी अक्षरांचीच दगडी जाळी आहे. तिथे अक्षर अक्षराला कुठे धरून ठेवतं, ते तिने वहीत काढून आणावं. दोन-तीन तास त्यात रमली, तर समजा की ओढ खरी आहे. नुसत्या फोटोंची भूल नाही.

पुढचा रस्ता सरळ आहे. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका, ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्या. बी.आर्क. ही आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची आहे. तेवढ्या काळात राइनो आणि ग्रासहॉपर ही सॉफ्टवेअर तिने हातात बसवावीत, वक्र पृष्ठभागावरचं काम त्यांवर चांगलं होतं. अरबी भाषा नीट शिकावीशी वाटली तर मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, पण त्याची घाई आज नको. देवनागरीचं सुलेखन मात्र एक दिवसही थांबवू देऊ नका.